निळी स्की, लाल स्की

"आता माझी पाळी आहे, बाई," नॉटबुर्गा गुप्तहेर वाल्बुर्गाबाईंना म्हणाली. एका दिवसात ती भीतीनं अर्धी झाली होती.

काल दुपारी चारच्या नाचानंतर तिचा नवरा अलोइस, स्कीशाळेतला शिक्षक, डोंगरावरच्या त्सीटाच्या बारमागच्या कड्याखाली मेलेला सापडला. शेजारी त्याच्या दोन्ही स्की. प्यायला नि घसरला, असं म्हणून गाव मोकळं झालं. पण शाळेतल्या एकानं बंद उतारावर पाहुणे नेले, त्यात एक मुलगी बर्फाखाली गाडली गेली, हे अलोइस सोमवारी कोर्टात सांगणार होता. नाव त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिला ते ठाऊक नाही, हे खुन्याला मात्र कुठं माहीत?

वाल्बुर्गाबाईंनी त्याच बारमध्ये ठाण मांडलं. सोबत भाचा लेंट्स, स्वभावानं गरीब, डोक्यानं सावकाश.

त्सीटा म्हणाली, अलोइसचा दोस्त, त्याच शाळेतला शिक्षक सेवेरिन सगळ्यांना हात करून आधीच गेला. अलोइस आणखी अर्धा तास टेबलावर नाचला. त्याचे हातमोजे अजून शेगडीवर वाळताहेत.

बर्फ सपाट करायचं यंत्र चालवणाऱ्या गीडीला प्रेत दिसलं होतं. त्यानं कशाला हात लावला नव्हता. बुटांचे चाप उघडे होते, एवढंच आठवत होतं.

सेवेरिन कालपासून नॉटबुर्गाला एकटं सोडत नव्हता. चोरांच्या भीतीनं आम्ही स्की वाटून ठेवायचो, तो डोळे पुसत म्हणाला. माझी एक नि त्याची एक बारच्या या टोकाला, उरलेल्या दोन त्या टोकाला. काल आपली जोडी जुळवून तो निघाला होता. "शाळेच्या सगळ्या लाल, सारख्या. गर्दीत आमची जोडी आम्हा दोघांखेरीज देवालाही सापडायची नाही."

"प्यायलेला माणूस, मावशी," लेंट्स पुटपुटला. "घसरला असेल."

"चाप कधी सोडतात रे?"

"नाचताना. नाहीतर नडग्या सोलवटतात. उतरायच्या आधी पुन्हा आवळतात."

"आणि हातमोज्यांशिवाय या थंडीत कोण उतरतं?"

"कुणीच नाही."

"म्हणजे अलोइस घरी निघालाच नव्हता. मिनिटभर मागं लघवीला गेला, तिथंच त्याला कुणीतरी ढकललं. मग स्की खाली कुणी टाकल्या? एवढ्या लाल ढिगातून नेमक्या त्याच्याच दोन?" बाईंनी सेवेरिनकडे पाहिलं. "देव तर नाही. मग उरला कोण?"

सेवेरिन हसला. "म्हातारीला चढलीय. चला वहिनी, खाली पोचवतो."

नॉटबुर्गा उठली नि खिडकीशी थबकली. बाहेर सेवेरिनच्या एका लाल स्कीशेजारी तिची एकच निळी स्की उभी होती. आल्यावर तिच्या स्की त्यानंच ठेवायला नेल्या होत्या.

"सेवेरिन, माझी दुसरी कुठे ठेवलीस?"

त्याची नजर नकळत मागच्या दाराकडे गेली, कड्याच्या बाजूला. गीडीनं उठून त्या दाराला कडी घातली.