बंदुकीचं वय

देगलूरहून उदगीरला निघालेल्या बसमध्ये स्वप्नालीला खिडकीची जागा मिळाली होती, तरी तिचं डोकं तापलं होतं. शेजारी बसलेला तरुण सारखा तिच्याकडे वळून बघत होता. एकदा, दोनदा… तिसऱ्यांदा तिनं सरळ विचारलं, "काय हो, घरात आया-बहिणी न्हाईत का?"

"हायत की," तो गडबडला. "पण त्यांच्याकडं असली बंदूक न्हाई."

तिनं मांडीवर पाहिलं. पोत्यात गुंडाळलेल्या छर्र्याच्या बंदुकीचा लाकडी दस्ता बाहेर डोकावत होता. म्हणजे हा गडी इतका वेळ लाकडाकडे बघत होता! तिला हायसं वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर जरा रागच आला.

बंदूक तिच्या आजोबांची. ज्वारीवरची पाखरं उडवायला ते वापरायचे. आता स्प्रिंग गेली होती, म्हणून ती दुरुस्तीला चालली होती. तरुणाचं नाव वीरेश. उदगीरला घरचं हार्डवेअरचं दुकान, आणि छंद असा जगावेगळा – जुन्या छर्र्याच्या बंदुका जमवायच्या अन् त्यांचं वय शोधून काढायचं.

त्यानं स्प्रिंग बसवून दिली आणि बंदूक विकत मागितली. स्वप्नालीचे वडील मलप्पा बियाण्यांचे व्यापारी, कच्च्या गुरूचे चेले नव्हेत. म्हणाले, "किती सालची हाय ते आधी ठरवा, त्यावर भाव करू, मग न्या."

झालं! वीरेश दर रविवारी देगलूरला येऊ लागला. नळीच्या बुडाशी गंजाखाली काही आकडे पुसट दिसत होते. तेलाचा बोळा ठेवून तो हळूहळू गंज मऊ करायचा. स्वप्नाली दुकानातल्या पोत्यावर बसून बघत राहायची.

"वय कशावरून कळतं हो?"

"लाकडावरून, स्क्रूवरून… पण खरं कळतं ते आकड्यांवरून."

"मग माझं सांगा बघू."

"त्याला लई जवळून बघावं लागल," तो बोलून गेला, आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला. ती तोंडावर ओढणी धरून हसली.

पण रात्री उशीवर डोकं टेकलं की तिला धास्ती वाटे. आकडे लागले की साल कळणार, साल कळलं की बंदूक जाणार, आणि बंदूक गेली की रविवारी कोण कशाला येईल? ती त्याच्या प्रेमात पडली होती. आणि तो? तो अजून लाकडाकडेच बघत असेल तर…

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातलं यच्चयावत हत्यार धुवायचं, घासायचं, पुजायचं. वीरेश दुपारी येणार होता. स्वप्नालीनं पहाटेच पॉलिश पेपर घेतला आणि बंदुकीला भिडली. हात भरून आले, तरी थांबली नाही. नळी चांदीसारखी लखलखू लागली. तिनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि त्याची वाट बघत बसली. जुन्या बंदुकीला कधी घासायचं नसतं, हे सांगायचं वीरेशला सुचलंच नव्हतं.

तो आला. माळ बाजूला सारून त्यानं नळीच्या बुडाशी बोट फिरवलं… पुन्हा फिरवलं. तिथं काहीच नव्हतं.

"आकडे…?" स्वप्नालीनं विचारलं.

"गेले."

"मग साल?"

"आता न्हाई कळायचं. कुणालाच."

तिचे डोळे भरून आले. "तुमच्यासाठीच घासली हो. छान दिसावी म्हणून…"

त्यानं माळ पुन्हा नळीवर सारखी केली. म्हणाला, "आमच्या रविकांतनं अशीच एक घासली होती. सख्खा चुलतभाऊ, पण वर्षभर बोललो न्हाई त्याच्याशी."

"अन् माझ्याशी किती दिवस बोलायचं न्हाई?"

"तेच बघायलोय…" तो तिच्याकडे बघत होता. या खेपेला फक्त तिच्याकडे. "मघापासून राग शोधायलोय. सापडंना. आता तुम्हीच सांगा, काय समजायचं?"

स्वप्नालीनं डोळे पुसले. "मला तर भ्याव होतं, साल कळलं की तुमचं येणं बंद होईल."

"दिवाळी झाली की येतो. घरच्यांना घेऊन… चालल?"

तिनं मान हलवली. माजघरात चहाच्या कपबशा वाजत होत्या. तिथूनच मलप्पांनी हाक दिली, "मग? ठरलं का साल? विकायची का बंदूक?"

"न्हाई अप्पा," स्वप्नाली एका दमात म्हणाली, "विकायची न्हाई. ती माझ्यासंगं उदगीरला जाणार हाय."

आतला कपबशांचा आवाज एकदम थांबला.