काट्याची पावती

उद्या सकाळी गाडी घेऊन वजनकाट्यावर जाताय ना? मग पाण्याची टाकी काठोकाठ भरा, गॅसच्या टाक्या भरा, आणि दोघंही गाडीत बसूनच वजन करा. असं चाकांवरचं घर, ही मोटरहोम, रिकामी असताना तिचं वजन करून मिरवणारे शहाणे या वाळवंटात पैशाला पासरी आहेत. मग पहिल्याच घाटात त्यांचा टायर फुटतो, आणि ओढून आणायला मला फोन येतो.

कोडी, हा खोका घे. उघड. विषारी गॅसचा अलार्म आहे, कोरा करकरीत. पैसे काढू नकोस, मी घेत नाही. इथे उतरणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला मी एक देतो. ब्रियाना, हसतेस काय? लोक म्हणतात, म्हातारा मर्ल मनाने फार मोठा. तसं काही नाही.

मघाशी तू विचारलंस ना, दाराशी एवढी ऐसपैस गाडी असताना हा माणूस बाहेर खुर्चीत, तीन तीन घोंगड्या घेऊन का झोपतो? घोरतो म्हणून बायकोने हाकललं का, असंही म्हणालीस. बायको तीस वर्षांपूर्वीच गेली सोडून, आणि तिची कारणं वेगळी होती. हे वेगळं आहे. शेकोटीत दोन लाकडं टाक, सांगतो.

माझा एक मित्र होता, वेन्डेल. नेब्रास्काचा, शाळेच्या बसगाड्यांचा मेकॅनिक. निवृत्त झाला, घर विकलं, मोटरहोम घेतली, आणि दर हिवाळ्याला बायकोला घेऊन इथे, माझ्या शेजारी येऊन थांबायचा. बायको आयरीन. लहानखुरी, तोंडाने फटकळ. तिच्या पीच जॅमच्या बाटल्या अर्ध्या कॅम्पाने फस्त केल्यात.

वेन्डेलला काट्याचं वेड होतं. दर ऑक्टोबरला गाडी हायवेच्या ट्रकतळावरच्या काट्यावर न्यायची, आणि पावती वहीत चिकटवायची. वहीत सगळं लिहिलेलं असायचं. गाडीचं कोरं वजन, पाणी, गॅस, भांडीकुंडी. आणि खाली, वेन्डेल एकशेऐंशी पौंड, आयरीन एकशेचाळीस. ती वही दाखवून आयरीन म्हणायची, "एक्केचाळीस वर्षं संसार केला, आणि या बाबाने शेवटी मला ट्रकच्या काट्यावर चढवलं." वेन्डेल म्हणायचा, "सात वर्षांत एक पौंड वाढली नाहीस, कौतुकच करतोय तुझं."

आयरीन गेली ती दोन वर्षांपूर्वी, तेवीस जानेवारीला.

त्या संध्याकाळी त्यांच्या गाडीतला अलार्म टुकटुक करायला लागला. गॅस नव्हता. या अलार्मचं आयुष्य सात वर्षं, ते संपलं की तो असाच दर अर्ध्या मिनिटाला ओरडतो. कोडी, पाठीमागे तारीख असते, ती बघत जा. तर वेन्डेलने तो काढून ठेवला. उद्या गावातून नवा आणू म्हणाला. मग तो माझ्याकडे पत्ते खेळायला आला. दोन डाव झाले, आणि गडी माझ्या सोफ्यावर बसल्या बसल्या झोपला. मी त्याच्या अंगावर पांघरूण टाकलं. उठवलं नाही.

रात्री वारा सुटला. वाळू उडायला लागली, म्हणून आयरीनने खिडक्या गच्च लावल्या आणि गॅसचा छोटा हीटर पेटवला. हीटर चालू असताना खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची असते. ते काम वेन्डेलचं. आणि वेन्डेल माझ्या सोफ्यावर.

सकाळी कॉफीच्या वेळेला... झोपेतच गेली होती. गाल लालबुंद, चेहरा अगदी शांत.

पोलिसांनी विचारलं, अलार्म कुठे आहे? वेन्डेल म्हणाला, "मी काढला. मीच." मी तिथेच उभा होतो.

त्याची मुलगी पॉला ओमाहाला असते. तिने बापासाठी खालची खोली रिकामी केली, पडदे शिवले. म्हणाली, "बाबा, गाडी विका आणि या." वेन्डेलही तयार झाला. आयरीनचे कपडे दिले, शिलाईचं मशीन दिलं, जॅमच्या बाटल्यासुद्धा वाटून टाकल्या. विकायच्या आधी रीतसर वजन करावं म्हणून गाडी काट्यावर नेली. हिशेब केला तर वजन एकशेचाळीस पौंड जास्त.

त्याला वाटलं काहीतरी राहिलं असेल. मी पण शोधायला लागलो. बाकांखाली, गाडीच्या पोटात, छपरावर. आम्ही जेवणाचं टेबल उखडलं, पुन्हा काटा केला. एकशेचाळीस जास्त. दुसऱ्या गावच्या काट्यावर गेलो. एकशेचाळीस.

मी म्हणालो, "वेन्डेल, गाड्या जुन्या झाल्या की जड होतात. लाकडात ओल धरते."

"वाळवंटात?" तो म्हणाला. "आणि नेमकी तेवढीच?"

मग त्याने हट्टच धरला. पॉलाला फोनवर सांगितलं, "पावती ज्या दिवशी स्वच्छ येईल, त्या दिवशी मी निघालो बघ. तोवर तिला एकटीला टाकून कसा येऊ?" पोरीने दर रविवारी फोन करून विचारावं, "बाबा, पावती?" आणि याने म्हणावं, "पुढच्या आठवड्यात." असे दहा महिने काढले त्याने. वाळून काटकी झाला होता. मला तो यातून सुटायला हवा होता. देवाशपथ सांगतो, फार हवा होता.

तर गेल्या वर्षीची तेवीस जानेवारी. बरोब्बर वर्ष झालं होतं. रात्रीचे सव्वादोन. माझ्या दारावर टकटक.

"मर्ल, चल. काट्यावर आत्ता ट्रक नसतील. मी सगळं काढलंय."

मी जाऊन बघितलं. आत काहीही नव्हतं. पलंग नाही, शेगडी नाही, कपाटं नाहीत. टाक्या कोरड्या. पुढच्या दोन सीट आणि त्यांच्यामागे नुसती लांबलचक मोकळी जमीन. सगळं सामान बाहेर वाळूत मांडून ठेवलेलं, चांदण्यात.

निघालो. बारा मैल रस्ता. रिकामी गाडी खडखडायला हवी होती. मला मात्र ती रस्त्यावर नीट बसलेली वाटली, भरलेली गाडी बसते तशी.

दोन चाळीसला काट्यावर चढलो. तिथे पत्रे वेगवेगळे असतात. पुढची चाकं एका पत्र्यावर, मागची दुसऱ्यावर, दोघांचे आकडे वेगळे उमटतात. तुम्ही गाडीतच बसायचं, खिडकीतून हात काढून बटण दाबायचं, आतली बाई स्पीकरवरून बोलते. रात्रपाळीला ग्लेंडा होती. अर्धा जन्म तिने त्या काट्यावर काढलाय.

"गुड मॉर्निंग, वेन्डेल. झोप येत नाही वाटतं?"

"नाही ना. कर वजन."

मग ती म्हणाली, "आकडा ठरत नाहीये. मागे जे कोण चालतंय, त्यांना जरा बसायला सांग."

वेन्डेलने माझ्याकडे बघितलं.

"मागे कोणी नाही, ग्लेंडा."

"आहे की. मागचा आकडा उतरतोय. पुढचा चढतोय." ती हसली. "दोघांनी मिळून माझी, म्हातारीची, चेष्टा लावलीय होय?"

मी मागे वळलो नाही. वळायला हवं होतं. मान हलेना.

"अजून चालतायत बघ," ग्लेंडा म्हणाली. "हळूहळू. पुढेच येतायत."

पावलांचा आवाज नव्हता. काही म्हणजे काही नव्हतं. फक्त माझ्या सीटखालची स्प्रिंग... दबत होती.

"हां. थांबले. आता हलू नका म्हणावं."

स्पीकर बंद झाला.

वेन्डेलने डोकं थोडं तिरपं केलं. एखादी बाई मागून वाकून कानात काही सांगते, तेव्हा माणूस करतो तसं. ऐकत होता. मग समोरच्या काचेकडे बघतच म्हणाला,

"मर्ल, त्या दिवशी अलार्म काढून ठेव, असं कोण म्हणालं होतं?"

...

पोरांनो, मी म्हणालो होतो.

अलार्म काढण्याआधी तो माझ्याकडे आला होता. विचारायला आला होता. इथे सगळे मलाच विचारतात. आणि मी पत्ते पिसता पिसता म्हणालो, "अरे, काढून टाक आजच्या दिवस. एका रात्रीने काय होतंय? उद्या आणू नवा." वर्षभर ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाही, पॉलाला नाही. आणि तो भला माणूस दुःखात ते पार विसरून गेला होता. सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसला होता.

"तीच विचारतेय," वेन्डेल म्हणाला.

माझ्या मानेमागे थंड लागलं. अगदी जवळ.

तेव्हा एक शब्द बोललो असतो तर... कदाचित सुटला असता तो.

मी म्हणालो, "आठवत नाही रे."

त्याने मान सरळ केली. मग म्हणाला, "मग मीच असेन."

ग्लेंडाने पावती दिली. एकशेचाळीस जास्त.

परत येताना त्याने मला दाराशी सोडलं आणि म्हणाला, "थँक्यू, मर्ल. एवढ्या रात्री आलास." आभार मानले माझे. अकराव्या दिवशी सकाळी तो ड्रायव्हरच्या सीटवर मिळाला, चावी हातात. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. ओमाहाला गेला तो डब्यातून, राख होऊन.

आत काहीच न उरलेली ती गाडी कोण घेणार? पॉलाने मला भंगारात द्यायला सांगितली. मार्चमध्ये मीच नेली. भंगारवाल्याकडेही काटा असतो. माझं वजन वजा केलं, आणि सांगू? कोरं वजन, त्यातून वेन्डेलने काढलेलं सामान वजा, बरोबर तेवढंच. एक पौंड इकडे नाही की तिकडे नाही. मी पॉलाला तिथूनच फोन केला. पोर रडली. म्हणाली, "म्हणजे आईबाबा सुटले." मी म्हणालो, "सुटले." आणि मी पण सुटलो, असं मला वाटलं. लाज वाटते सांगायला, पण त्या रात्री मी पोटभर जेवलो.

ऑक्टोबरमध्ये माझी गाडी काट्यावर नेली. दरवर्षीसारखी.

तीनशेवीस जास्त.

एकशेचाळीस ती. एकशेऐंशी तो.

मी वेन्डेलसारखं सामान काढत बसलो नाही. मला माहीत होतं ते कशाचं आहे. नोव्हेंबरमध्ये हिंमत केली, पॉलाला फोन लावला आणि खरं ते सांगितलं. अलार्म मी काढायला लावला. काट्यावर तुझ्या बापाने विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याला का नाही सांगितलंत? मला सांगून काय उपयोग?" आणि फोन ठेवला. त्यानंतर उचलत नाही.

तरी मला आशा होती, हो. बोललो ना एकदाचं. त्याच रात्री काट्यावर गेलो. तीनशेवीसच.

म्हणून मी बाहेर झोपतो. म्हणून अलार्म वाटतो. शंभर वाटले, दोनशे वाटले, पावतीत फरक नाही. पण तुम्ही तो लावा. आज रात्रीच लावा, उद्यावर ढकलू नका.

गाडी विकून टाका म्हणतेस, ब्रियाना? वेन्डेलची गाडी तर भंगारात गेली. त्यांना कुठे गाडी हवीय?

कोडी, या बघ पावत्या. टॉर्च धर. मी दर महिन्याला काटा करतो. ही ऑक्टोबरची. जास्तीचं वजन कुठे आहे बघ. मागच्या चाकांवर, सगळंच्या सगळं. म्हणजे माझ्या पलंगापाशी. ही नोव्हेंबरची, थोडं पुढे आलंय. ही डिसेंबरची, निम्मं निम्मं.

आणि ही परवा रात्रीची. वेळ बघ, दोन चाळीस. ही मी नीट वाचली नाही, घडी घालून खिशात टाकली. चष्म्याशिवाय दिसत नाही मला, तूच वाच मोठ्याने. मागच्या चाकांवर किती जास्त?

...

काहीच नाही? म्हणजे तीनशेवीसच्या तीनशेवीस पुढच्या चाकांवर, माझ्या सीटमागे.

बरं. आण ती इकडे.