दुसोकच्या ताटाची खरेदी

पोहांगच्या जुकदो बाजारात खरेदी करायची तर सकाळी आठच्या आत. नंतर येतात ते पाहुणे, आणि पाहुण्याला इथली कुठलीच बाई वरताळा म्हणून साधा एक बोंबीलही घालत नाही. मी चाळीस वर्षं या बाजारात येतेय. कुणाच्या काट्यात किती खोट आणि कुणाच्या गोड बोलण्यात किती, दोन्ही मला पाठ आहे.

त्या दिवशी माझ्याबरोबर मिर्योंग होती, माझ्या धाकट्या भावाची बायको. त्या भावाची, दुसोकची, बोट माकळं धरायला पोहांगहून निघाली ती परत आलीच नाही, त्याला तीन वर्षं झाली. देह सापडला नाही, त्यामुळे तिथीही नाही. अशा वेळी माणूस घरातून निघाला तोच दिवस धरायचा, ताट मांडायचं, धूप लावायचा. मिर्योंग मांडू देईना.

"उद्या दारात उभे राहिले तर काय सांगू, वन्सं? बसा, स्वतःचं श्राद्ध जेवून घ्या?"

रोज सकाळी डबा घेऊन ती धक्क्यावर जायची. मागच्या महिन्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली सापडली, डबा डोक्यावर धरून. बोटीवरच्या माणसांनी ओढून बाहेर काढली. "बोलावलं म्हणून गेले," एवढंच म्हणाली. तेव्हाच मी ठरवलं, या वर्षी ताट मांडायचंच. तो गेला हे एकदा ताटानं सांगितलं की ही मागे राहील. नाहीतर पुढच्या वेळी बोटवाले जवळ असतील याची हमी कोण देणार?

पहिली उलजिनवाली. तिचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. उलजिन गावची, म्हणून उलजिनवाली. मी एक चांगला लाल दोमी मासा निवडला, खवलं काढायला दिला आणि शेजारी कोवळे कोंब बघायला वळले. परत बघते तर माशाचं डोकं वेगळं आणि धडाचे पाच तुकडे.

"अगं बये! श्राद्धाचा मासा आहे. डोकं उडवलंस?"

"ओरडू नका, ताई. तुमच्याबरोबरचे दादाच म्हणाले, तुकडे कर, रस्सा करायचाय."

"कुठले दादा?"

तिनं सुरीच्या टोकानं आमच्या मागे दाखवलं. मागे भिंत होती, भिंतीशी चालू नळी, वाहतं पाणी. "आत्ता होते," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

सकाळची घाई, चार गिऱ्हाइकं एकदम. बाईची गल्लत झाली असणार. मी दुसरा मासा मागितला. त्या आकाराचा तोच शेवटचा होता. मिर्योंगनं ते तुकडे पिशवीत घालून घेतले. तिच्या ओठांच्या कडा किंचित वर गेल्या होत्या. तीन वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं.

ऑक्टोपसवाल्या ग्यूबुनच्या टपरीवर मी पाठ फिरवली नाही. श्राद्धाचा ऑक्टोपस अख्खा उकडतात, पाय फुलासारखे वळतात, तसाच ताटात ठेवतात. ग्यूबुननं तो माझ्यादेखत पातेल्यात सोडला. वाफ वर आली. मग तिनं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि मान डोलावली.

"बरं बरं. तिखट जास्त घालते."

मी गर्रकन वळले. चार पावलांवर मिर्योंग एकटीच. तोंड मिटलेलं.

"कुणाशी बोललीस?"

"तुमच्या माणसाशीच की!" ग्यूबुननं तोवर ऑक्टोपस फळीवर घेऊन कापायलाही सुरुवात केली होती. लसूण, मिरची, तिळाचं तेल. "म्हणाले, इथंच खायचाय. मावशी, अशी काय बघताय? भांडलात का घरी?"

लसूण आणि मिरची श्राद्धाच्या ताटात जात नाहीत. त्यांच्या वासानं जेवायला आलेला मेलेला माणूस दारातूनच परत जातो.

तांदळाच्या वड्या मी आठ दिवस आधी सांगून ठेवल्या होत्या, पांढऱ्या. दुकानदारानं ट्रे काढला. वर लाल चवळीचा जाड थर.

"तुमच्या घरचे दादा काल येऊन बदलून गेले," तो म्हणाला. "स्वतः आले होते. उभे होते तिथं एवढं पाणी सांडलं, पुसता पुसता आमची ही वैतागली."

लाल चवळी तर घरातली भुतं हाकलायला वापरतात.

मिर्योंगनं माझा हात धरला. तिचा हात गरम होता. "वन्सं, मेलेल्याला लाल चवळी चालते? लसूण चालतो?"

"नाही."

"मग?"

मी वड्या पिशवीत घालून घेतल्या. 

"मी इथं बाकावर बसते," ती म्हणाली. "भूक लागलीय." ग्यूबुनकडची ऑक्टोपसची थाळी तिच्या हातातच होती.

यादीत एकच काम उरलं होतं. समोरच्या बोळात प्यो आजोबा धूप आणि मेणबत्त्या विकतात आणि ताटामागे उभा करायचा कागद लिहून देतात. पुरुषाच्या रकान्यात नाव नसतं, नुसतं गेलेल्याचं मानाचं संबोधन. एक रकाना मी सकाळीच सांगून ठेवला होता. कागद घेऊन परत यायला दोन मिनिटं.

आजोबांनी कागद दोन्ही हातांनी पुढे केला. रकाने दोन होते.

"मी एकच सांगितला होता, आजोबा."

"तुमचे भाऊ येऊन गेले ना. म्हणाले, जोडीचं लिहा." त्यांनी चष्मा वर सरकवला. "सांभाळून धरा. उजवा रकाना ओला आहे, आत्ताच लिहिलाय."

उजवा रकाना बाईचा. तिथं बाईचं माहेरचं घराणं लिहितात. उइर्योंग गावचे ओक, असं लिहिलं होतं.

आमची आई बे घराण्यातली. ओकांची लेक आमच्या घरात एकच आली.

"आणखी काय म्हणाले?"

"काही नाही. बायकोला बोट लागते, उपाशी पोटी न्यायला नको, आधी पोटभर खाऊ घालतो म्हणाले. भला माणूस."

मी धावले.

बाकावर पिशव्या नीट ओळीनं ठेवल्या होत्या. ऑक्टोपसची थाळी रिकामी. वर जेवायच्या काड्यांच्या दोन जोड्या, दोन्ही वापरलेल्या.

"मिर्योंग!"

धक्क्याकडच्या वाटेवर गर्दी होती. कुणी वळून पाहिलं नाही.

कागद माझ्या हातात होता. ओली शाई पुसता येते, वाळलेली नाही. मी अंगठ्याला थुंकी लावली, उजव्या रकान्यावर दाबला आणि सगळा जोर लावून घासला.

अंगठा कोरा होता.