पावडरीवर न उमटलेली पावलं

"पेट्रोलचोर आज सापडलाच म्हणून समजा!" असं म्हणत ढब्बूने आईचा पावडरचा डबा गाडीभोवती उपडा केला.

उद्या सगळे मामाच्या जुन्या गाडीने तळ्यावर जाणार होते. सहल म्हटली की मामा आदल्या संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून आणायचा, आणि सकाळी किल्ली फिरवून बघावं तर काटा खाली! सुट्टीला आलेल्या शंकीचं डोकं या कोड्याने पार भंजाळून गेलं होतं. ऊठसूट शंका काढते म्हणून मामानेच तिला हे नाव ठेवलं होतं.

"पण टाकी अर्धी असली की चोर फिरकत नाही. असं का?"

"अर्ध्या टाकीत त्याचं भागत नसेल!" मामेभाऊ ढब्बूचं उत्तर तयारच होतं.

"आणि गॅरेजला तर कुलूप असतं. मग येतो कुठून?"

"उंदराच्या बिळातून," ढब्बूची धाकटी बहीण पिटी गंभीरपणे म्हणाली.

शंकीने मामाला गाठलं. "मामा, गॅरेजात पेट्रोलचा वास येतोय!"

"अगं, वीस वर्षांची गाडी आहे! म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला बामाचा वास येतो ना, तसंच हे!" मामा हसत निघून गेला.

मामीने गाडीत एक सुगंधी पुडी टांगली आणि विषय मिटवला. फरशीवर डाग पडू नयेत म्हणून गाडीखाली जुना गालिचा अंथरायची कल्पनाही तिचीच होती.

सकाळी तिघं धावतच गॅरेजात शिरली. पावडर जशीच्या तशी होती! एकही पाऊल उमटलं नव्हतं. उंदराचंसुद्धा नाही!

"चोर आलाच नाही?" ढब्बूचं तोंड एवढंसं झालं. "थांब, किल्ली फिरवून काटा बघतो."

"हात लावू नकोस!" शंकी ओरडली. आपण का ओरडलो, हे तिलाही क्षणभर कळेना. पण वास कालच्यापेक्षा उग्र होता, नाक झोंबत होतं. गालिच्याच्या कडेला पावडरीचे ओले गोळे झाले होते. तिने वाकून गालिच्याचं टोक उचललं. चिंब! गालिच्यातून पेट्रोल निथळत होतं.

म्हणजे चोर बाहेरून येतच नव्हता. टाकी भरली की गाडी गळत होती, आणि गालिचा सगळं पिऊन टाकत होता!

तेवढ्यात वरून मामाचा आवाज आला, "मी आंघोळीला चाललो रे!"

शंकीची नजर भिंतीकडे गेली. वरच्या न्हाणीघराचा गॅसचा गीझर तिथे, गाडीच्या शेजारीच लावलेला होता. वर गरम पाण्याचा नळ सोडला की इथे भपकन ज्योत पेटायची.

"पिटीला घेऊन बाहेर पळ!" ढब्बूला सांगत ती जिन्याकडे सुटली. "मामा! नळ सोडू नकोस! मामाऽऽ!"

न्हाणीघराच्या दारावर तिने दोन्ही मुठी आपटल्या. दार उघडलं. खांद्यावर टॉवेल टाकलेला मामा तिच्याकडे बघतच राहिला. तिने धापा टाकत सगळं सांगितलं, आणि या वेळी मामा हसला नाही.

त्याने आधी बाहेरच्या गॅसच्या टाकीची चावी बंद केली. मग सगळ्यांनी शटर वर करून गाडी हातांनी ढकलत अंगणात आणली. गॅरेजातून वास पूर्ण जाईपर्यंत कोणी दिव्याच्या बटणालाही हात लावला नाही.

गॅरेजवाले मिस्त्री आले आणि गाडीखाली सरपटले.

"टाकीला वरून जोडलेली रबरी नळी बघा, म्हातारी होऊन चिरली आहे. पेट्रोल चिरेपर्यंत चढलं की गळतं, खाली असलं की नाही. साहेब, ही बदला म्हणून मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं ना?"

मामाने कान पकडले.

"गाडीपेक्षा या पोरीचं नाक चांगल्या स्थितीत आहे!" मिस्त्री म्हणाले.

मामीने शंकीला घट्ट जवळ घेतलं. मामा पायरीवर बसला होता.

"नळावर हात होता गं माझा," तो हळूच म्हणाला. "तू शंका काढलीस म्हणून आज आपण सगळे आहोत. खूप काढ शंका. मी ऐकेन."

"पण चोर कुठाय?" पिटीने विचारलं. तिला अजून काहीच कळलं नव्हतं.

मामाने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.