उरलेल्यांचा वाटा

भारवाटप केंद्रातल्या पडद्यावर एकच ठिपका उरला होता, तोही गडद लाल. विद्यापीठाच्या समुपदेशक हेमांगी सरदेशपांडे दचकल्या.

"बाकीची मुलं कुठं आहेत?"

"दिवाळीला घरी," मेंदूशास्त्रज्ञ विश्राम कडू म्हणाले. "पट्टे वसतिगृहात काढून ठेवून गेलीत."

भारवाटप यंत्रणा कडूंचीच. मनगटावरचा पट्टा मेंदूतली निराशा टिपायचा आणि वसतिगृहातल्या सगळ्या पट्ट्यांवर थोडी थोडी वाटून द्यायचा. नापास झालेल्या एखाद्याचा घाव शेकडो मुलांना जरासा टोचायचा, एवढंच. यंत्रणा आल्यापासून इथं एकाही मुलानं जीव दिला नव्हता. हेमांगीबाईंनी त्याबद्दल सत्कारही स्वीकारले होते.

"पट्टा काढला, की त्याचा वाटा कुणाकडे जातो?"

"उरलेल्यांकडे. निराशा नाहीशी करता येत नाही बाई, नुसती सरकवता येते." कडूंनी लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "सगळे एकदम निघून जातील, हे मी धरलंच नव्हतं. प्रत्येकाला घर असतंच ना?"

समैया मडावीला नव्हतं. सिरोंच्याकडचा हा मुलगा; पडद्यावरचा ठिपका त्याचाच. आई उन्हाळ्यात गेली, तेव्हापासून सुट्टीतही इथंच राहायचा.

दोघं धावत वसतिगृहात पोचले. समैया भिंतीला टेकून बसला होता. पट्टा ओढून ओढून मनगट सोलवटलं होतं.

"निघत नाही, मॅडम. कुणाकुणाचं काय काय आहे हे... ह्यात माझं कुठलं, तेही कळेना झालंय."

"भार घ्यायला दुसरं कुणी नसेल, तर पट्ट्याची कडी सुटत नाही," कडू दारातूनच म्हणाले. "तोडली तर मेंदू सोसणार नाही."

"मग मुलांना परत बोलवा!"

"हे ऐकल्यावर येईल कोण?"

मुलांनी काढून ठेवलेल्या पट्ट्यांचा ढीग कोपऱ्यात होता; हेमांगीबाईंनी त्यातला एक उचलून मनगटावर चढवला. निम्मं त्याचं, निम्मं आपलं. दोघं मिळून सुट्टी काढू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

त्या मटकन खाली बसल्या. समैयाच्या मनगटावरची कडी खट्‌कन सुटली. "काढू नकोस" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर त्यानं पट्टा भिरकावलाही होता.

"सुटलो, मॅडम!" तो रडत रडत हसला. "वाचवलंत मला."

पट्टा परत घाल, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण सांगून तरी काय होणार, असं हेमांगीबाईंना वाटलं. सगळ्याबद्दलच तसं वाटत होतं.

दारात उभे असलेले कडू पट्ट्यांच्या ढिगाकडे पाहत होते. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे नेले होते.