एक्क्याण्णव टक्के

हैदराबादेत हिमायतनगरच्या सिग्नलपासून नारायणगुड्यापर्यंत त्या पांढऱ्या गाडीने प्राजक्ताला पुढे जाऊ दिलं नाही. गाडी चालत होती म्हणायचं, एवढंच. पुढचा रस्ता मोकळा, मागे प्राजक्ताची स्कूटर, आणि हे महाशय आपले वरातीत निघाल्यासारखे निवांत. सात वेळा हॉर्न वाजवून झाला, तेव्हा तिने स्कूटर बाजूला घातली आणि काचेवर टकटक केलं.

"चालवता येत नसेल तर बस पकडावी माणसाने," ती म्हणाली. रागावली की तिच्या तोंडून मराठीच निघायची, समोर कुणी का असेना.

काच खाली झाली. आत तिच्याच वयाचा एक उंच मुलगा, आणि शेजारच्या सीटवर चक्क पट्टा लावून बसवलेलं स्टीलचं पातेलं.

"हौ, बरोबर आहे," तोही मराठीतच म्हणाला, अगदी गंभीरपणे. "पण ह्यात खुबानीचा मीठा आहे, पाकातले जर्दाळू. सांडला तर आई मला घरात घेणार नाही. तुमचा हॉर्न मात्र छान आहे..."

प्राजक्ताला उत्तरच सुचलं नाही. तिला उत्तर न सुचण्याचा प्रसंग वर्षातून एखादाच यायचा.

दुसरा त्याच दिवशी आला. कुकटपल्लीत एकनाथरावांचं शेड होतं. पुढच्या भागात त्यांचा सुट्या भागांचा कारखाना आणि मागच्या भागात त्यांचा खरा जीव, म्हणजे दोन शर्यतीच्या गाड्यांचा छोटासा संघ. आयटीतली बरी नोकरी सोडून प्राजक्ता तिथे आली होती, आणि त्यावरून पुण्याहून आलेले तिचे बाबा अजून फुरंगटलेले होते. चालक कुठे किती ॲक्सिलरेटर देतो, कुठे ब्रेक मारतो, हे गाडीतल्या नोंदींवरून सांगायचं हे तिचं काम. त्या सकाळी एकनाथराव नव्या चालकाला घेऊन आले. आधीचा चालक अमेय संघ सोडून गेला होता, त्याची सीट ह्याला मिळाली होती. नाव शिवराज, राहणार विद्यानगर, तीन पिढ्या हैदराबादेत. प्राजक्ताने मान वर केली आणि तिच्या हातातला चहा लॅपटॉपवर सांडता सांडता राहिला.

"नमस्ते, मॅडम," शिवराज म्हणाला. "मीठा पोचला."

मग काय विचारता. अमेय बुटका आणि शिवराज ताडमाड, म्हणून पेडल पुढे सरकवावी लागली. पेडल सरकवली की गाडीच्या संगणकाला नव्याने शिकवावं लागतं. चालकाने पाय सोडायचा, लॅपटॉपवाल्याने सांगायचं, हे शून्य. चालकाने पाय पूर्ण दाबायचा, हे शंभर. मग सेव्ह. दोन मिनिटांचं काम, पण त्या दोघांना वीस मिनिटं लागली.

"त्या हॉर्नपासून मी आरशात बघूनच गाडी चालवतो," सीटवर अडकून बसलेला शिवराज म्हणाला. "वाटतं, मागे तुम्ही असाल... असलात तर बरं होईल."

प्राजक्ता खळखळून हसली. हसता हसताच तिने लॅपटॉप मिटला आणि चहा सांगायला गेली. 'तुम्ही'चं 'तू' व्हायला पुढे आठवडाभरही लागला नाही.

चेन्नईच्या शर्यतीत मात्र शिवराज चौदावा आला. संघाची दुसरी गाडी त्याच्यापेक्षा फेरीमागे दीड सेकंद पुढे. तो म्हणाला, गाडी दम धरत नाही. सगळे नवखे असंच म्हणतात. मग प्राजक्ताने नोंदी काढल्या, आणि आलेखात ते सरळसरळ दिसलं. ॲक्सिलरेटर एक्क्याण्णव टक्के. सरळ रस्त्यावरसुद्धा पठ्ठ्याने एकदाही पूर्ण पाय दिला नव्हता. तिला ते लिहायचं नव्हतं, पण एकनाथरावांना अहवालाचा कागद तर द्यायलाच हवा होता. तिने लिहून दिलं, चालक पूर्ण ॲक्सिलरेटर देत नाही.

एकनाथरावांनी तो कागद दोनदा वाचला. पोरगा घाबरतो, म्हणाले, घाबरणाऱ्याला मी सीट देत नाही. सोमवारी बैठक ठरली. पुण्याच्या चिन्मय नावाच्या दुसऱ्या चालकाला निरोपही गेला, की तयार राहा.

रविवारी दुपारी विद्यानगरच्या इराणी हॉटेलात शिवराजने तिला चहाला बोलावलं. तो आला तोच लंगडत. प्राजक्ताने कारण विचारलं, त्याने उडवून लावलं. तिने पुन्हा विचारलं.

"बूट काढ," शेवटी ती म्हणाली.

"इथे? नक्को ना... लोक बघतायत."

"काढ."

उजव्या पायाचा अंगठा काळानिळा पडला होता, सुजून टम्म. पेडल दाबून दाबून झालंय, तो ओशाळून म्हणाला. आधी त्याला गाडीचीच शंका होती. मग तिचा कागद वाचला, आणि कागद खोटं कसं बोलेल... तेव्हा आपणच घाबरत असू, आपल्याला कळत नसेल. हे सांगताना तो खाली बघत होता. सात हॉर्न ऐकून ज्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती, तो मुलगा बिस्किटाचे तुकडे करत बसला होता.

प्राजक्ताने पुन्हा त्या अंगठ्याकडे पाहिलं. नव्वद टक्के दाबणाऱ्या पायाचा अंगठा असा होत नाही. आणि घाबरलेला पाय कमीजास्त होतो, थरथरतो. त्या आलेखातली रेघ तर फेरीमागून फेरी एक्क्याण्णववर पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. इतके दिवस ती रेघ तिने पाहिली होती आणि तिला एवढं साधं दिसलं नव्हतं. चहा तसाच टाकून ती उठली.

तासाभरात ती शेडमध्ये होती. पेडलची नोंद तिने उघडली आणि शेवटची तारीख वाचली. अठरा नोव्हेंबर. शिवराज आला होता बावीसला.

गाडीत अजून अमेयचं माप होतं. शिवराज जीव खाऊन पाय दाबत होता आणि गाडी त्याला एक्क्याण्णव समजत होती, तेवढंच देत होती. सेव्ह करायचं राहिलं होतं. ती हसली होती, लॅपटॉप मिटला होता, चहा सांगायला गेली होती... आणि तिच्या कागदामुळे एक माणूस स्वतःला भित्रा समजत होता.

गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण मग तो कागद तसाच राहिला असता, आणि तो 'भित्रा'ही.

सोमवारी बैठकीत तिने सगळं सांगितलं. चूक माझी आहे, ह्या कागदावर कुणाची सीट जाणार असेल तर ती माझी जावी, म्हणाली. एकनाथराव खुर्चीत मागे रेलले ते रेललेच. शिवराज तिच्याकडे वळला.

"मी बोलत होतो म्हणून?" त्याने विचारलं.

"नाही. मी विसरले म्हणून."

तो उठला आणि निघून गेला. त्याच्या मागे दार हळूच लागलं. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. मग एकनाथराव म्हणाले, उद्या सकाळी गावाबाहेरच्या बंद धावपट्टीवर गाडी न्या, सीट त्याची की नाही ते गाडीच सांगेल. तुझं त्यानंतर बघू, बेटा.

मंगळवारी धावपट्टीवर बोचरी थंडी होती. शिवराज सीटवर बसला. प्राजक्ताने लॅपटॉप उघडला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

"सोड," ती म्हणाली. शून्य. "दाब."

त्याने दाबला. अंगठ्यातल्या कळेने ओठ आवळले गेले, पण पाय हलला नाही. शंभर.

"प्राजक्ता, त्या दिवशी मी पुढे काहीतरी बोलणार होतो—"

"थांब. आधी सेव्ह करू दे."

तिने सेव्ह केलं. नोंद बंद करून पुन्हा उघडली, तारीख वाचली, लॅपटॉप फिरवून त्यालाही दाखवली. मग म्हणाली, "आता बोल."

"काल दिवसभर मला तुझा राग आला," तो म्हणाला. "खूप आला. पण गप्प बसून तुझी नोकरी वाचली असती, आणि तू गप्प बसली नाहीस. मग वाटलं, त्या दिवशीचं राहिलेलं आज सांगूनच टाकावं. मला तू आवडतेस. हसून लॅपटॉप मिटण्याआधीपासून."

शिव्या ऐकायची तयारी करून आलेल्या मुलीने ह्यावर काय म्हणायचं?

"तू... तू आधी गाडी चालव," तिने कसंबसं म्हटलं.

हेल्मेटची काच खाली झाली. गाडी सुटली, आणि धावपट्टीच्या टोकापर्यंत त्या आवाजात कुठेही खंड पडला नाही. दहा फेऱ्या झाल्या. एकनाथरावांनी ह्याच धावपट्टीवरची दुसऱ्या गाडीची आधीची वेळ बघितली, हिची बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली. नवखा पोरगा दोन दशांश सेकंद पुढे होता. त्यांनी तिथेच चिन्मयला फोन लावला, माफी मागितली आणि सांगितलं की सीट रिकामी नाही. मग प्राजक्ताकडे वळून म्हणाले, ह्यापुढे तुझ्या प्रत्येक नोंदीवर दुसरी सही लागेल, चालकाची.

शिवराज हेल्मेट काढून तिच्यासमोर आला. केस घामाने चिकटलेले, लंगडणं तसंच.

"माझं ऐकलंस ना," तो म्हणाला. "मग? किती टक्के?"

"शंभर."

"सेव्ह केलंस?"

"केलं," प्राजक्ता म्हणाली, आणि मगच हसली.