सारिसची हवा

सारिस शहरात अकरा महिन्यांत एकही खून झाला नव्हता. शांतिसेनेच्या जवानांजवळ बंदुका नव्हत्या. चौकाचौकांत उभारलेल्या उंच मनोऱ्यांची देखभाल करणं, एवढंच त्यांचं काम. त्या मनोऱ्यांतून अष्टौप्रहर 'निर्भेद' नावाचा वायू शहरावर सोडला जाई. त्याला रंग नव्हता की वास नव्हता. ज्या पुलावर ओरेन आणि केल्मी जमातींनी एकमेकांची माणसं कापली होती, तिथेच आता दोन्हीकडच्या बायका मांडीला मांडी लावून भाजी विकत होत्या.

मंदाकिनी उपासनी गाडीतून ते पाहत होत्या. जागतिक शांती परिषदेत निर्भेदचा ठराव त्यांनीच मांडला होता. त्याआधीचे चार महिने त्या विसरल्या नव्हत्या. सारिसमध्ये चाललंय त्याला 'वंशसंहार' म्हणायचं की 'अंतर्गत अशांतता', यावर एकोणीस देशांचे प्रतिनिधी वाद घालत बसले होते. संहार म्हटलं की सैन्य पाठवणं भाग होतं, आणि सैन्य कुणालाच पाठवायचं नव्हतं. मसुद्यातला तो एक शब्द सतरा वेळा बदलला गेला. तेवढ्यात इकडे अठ्ठेचाळीस हजार माणसं गेली. मग निर्भेद आला. कुणाचाही जवान मरणार नाही म्हटल्यावर सगळे हात एकदम वर झाले.

आता त्या ठरावाची मुदत संपत आली होती. ती वाढवायची की नाही, हे मंदाकिनीबाईंच्या पाहणीवर ठरणार होतं.

"नाकातली जाळी नीट बसलीय ना, मॅडम? नाहीतर वायू आत जाईल." शेजारी बसलेल्या डॉ. फारूक मुकादमांनी विचारलं. हे मूळचे दाभोळचे. निर्भेद त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मला होता.

"बसलीय. डॉक्टर, मला हे एकदा साध्या भाषेत सांगा. तुमचा अहवाल मला निम्मा कळला नाही."

"मेंदूत खोलवर पेशींचा एक पुंजका असतो. समोर माणूस आला की हा आपला की परका, ते तो पुंजका डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवतो. आम्ही त्याला आपपर-केंद्र म्हणतो. माणूस परका वाटल्याशिवाय त्याचा द्वेष करता येत नाही. निर्भेद या केंद्राला झोपवतो. बुद्धी, आठवणी, सगळं शाबूत राहतं. फक्त परकं कुणी वाटत नाही."

"आणि आपलं?"

मुकादमांनी बाहेर पाहिलं. "ते तुम्ही स्वतःच बघा."

गाडी एका सामायिक अंगणापाशी थांबली. चाळिशीतली एक केल्मी बाई पातेल्यात काहीतरी ढवळत होती. तिचं नाव इल्दा. तिच्याजवळ एक धिप्पाड ओरेन माणूस शेंगा सोलत बसला होता. तो तिचा शेजारी, बोरेक. इल्दानं पाहुण्यांना बसायला चटई दिली. तिचं बोलणं मंदाकिनीबाईंना कानातल्या दुभाषी यंत्रातून मराठीत ऐकू येत होतं.

"घरात कोण कोण असतं?"

"आता मी एकटीच. दोन मुली होत्या. निरा अकरा वर्षांची, ओल्या सहा. धाकटी थोरलीच्या पोटात पाय खुपसून झोपायची. घराला आग लागली तेव्हाही तशाच झोपल्या होत्या."

"आग कुणी लावली?"

"यानं," इल्दा म्हणाली आणि बोरेकसमोरची भरलेली वाटी उचलून तिनं पातेल्यात रिकामी केली.

"आम्ही चौघे होतो," बोरेक म्हणाला. "बाहेरून कडी मी घातली."

त्याच्या आवाजात गुर्मी नव्हती, आणि लाजही नव्हती. मंदाकिनीबाई इल्दाकडे वळल्या. त्यांनी विचारलं, "इल्दा, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. वाईट वाटतं. शहरात एवढी माणसं मेली, त्या सगळ्यांचं वाटतं तेवढंच." तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "पण बाई, त्या दोघींसाठी कुणी वेगळं रडलेलं नाही. त्यांच्या आईनं रडायला हवं होतं, हे मला कळतं. मला ते जमत नाही. तुमच्या नाकात जाळी आहे. माझ्याऐवजी तुम्ही रडाल का?"

"रडेन," मंदाकिनीबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या?

परत येताना त्या संतापल्या होत्या. "बंद करा हे! आईकडून तिची मुलं काढून घेतलीत तुम्ही."

"आपलं आणि परकं ही एकाच दोऱ्याची दोन टोकं निघाली, मॅडम. एक टोक कापायला गेलो आणि अख्खा दोरा हातात आला." मुकादमांचा आवाज खाली गेला. "बंदही करून पाहिलंय. हाताल नावाच्या वाडीत, सगळ्यांच्या संमतीनं. वायूचा अंमल उतरायला एकोणीस दिवस लागतात. विसाव्या दिवशी त्यांना आपापली माणसं आठवली, म्हणजे खरी आठवली. ज्यांनी मारलं होतं, त्यांनाही आपण कुणाला मारलं ते कळलं. कुणी कुणावर हात उगारला नाही. जो तो आपणहून नदीकडे चालत गेला. एकतीस माणसं होती. आठ उरली."



गुरुवारी परिषद भरली. त्यांनी सगळं सांगितलं. इल्दा, बोरेक, हाताल, काहीही लपवलं नाही. मग एका प्रतिनिधीनं विचारलं, "म्हणजे हे कधीच बंद करता येणार नाही?"

"नाही."

"आणि मुदतवाढीला तुमचा पाठिंबा आहे की विरोध?"

त्यांच्या डोळ्यांपुढे लाखभर माणसं नदीच्या दिशेनं चालू लागली. "पाठिंबा," त्या म्हणाल्या. ठराव एकमतानं मंजूर झाला. 'मुदतवाढ' हा शब्द काढून तिथे 'कायमस्वरूपी' घातला गेला. त्यावर कुणाचाच वाद झाला नाही.

रविवारी सकाळी मंदाकिनीबाईंनी फोन बंद केला, खोलीचं दार लावलं आणि त्या इल्दाला दिलेला शब्द पाळायला बसल्या. कागदावर त्यांनी दोन नावं लिहिली. निरा. ओल्या. पोटात खुपसलेले ते पाय डोळ्यांपुढे आणले. धूर आणला, बाहेरून लागलेली कडी आणली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण डोळे कोरडेच राहिले. दुपार झाली. मध्येच त्यांच्या मनात आलं की सोमवारच्या भाषणाचा मसुदा अजून तपासायचा राहिलाय, आणि त्या दचकून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी त्या थेट मुकादमांच्या प्रयोगशाळेत गेल्या. ती परिषदेच्याच शहरात होती, आणि त्या आठवड्यात तेही तिथेच होते.

"डॉक्टर, माझी जाळी गळत होती. माझं रक्त तपासा."

"मॅडम, जाळी मी स्वतः..."

"तपासा म्हणते ना!"

त्यांनी रक्त घेतलं. यंत्र वीस मिनिटं गुणगुणत राहिलं. मंदाकिनीबाई खुर्चीच्या कडेवर बसून होत्या, आणि आपल्या रक्तात तो वायू सापडावा अशी मनातल्या मनात विनवणी करत होत्या.

मुकादमांनी पडद्यावरचा आकडा पाहिला. त्यांना हायसं वाटलेलं दिसलं.

"काळजीचं काही कारण नाही, मॅडम. एक कणसुद्धा नाही. तुम्ही अगदी नॉर्मल आहात."